फोनमधल्या मुंडावळ्या



मागच्या अंकात कबूल केल्याप्रमाणे आज हरभऱ्यावरील मर रोगाविषयी लिहावयाचे होते. तो विषय पुढच्या खेपेला घेतो. उदगीर तालुक्यातल्या एका माउलीचे पत्र आले आहे, आणि त्याचे उत्तर आणखी लांबवणे मला बरे वाटले नाही. नाव-गाव छापू नका असे तिने लिहिले आहे, तेव्हा ते अर्थातच छापत नाही.

हकिकत अशी. मुलगी सतरा वर्षांची. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून बापाने दावणीची एक म्हैस विकली आणि तिला लातूरला शिकायला ठेवले. चार मैत्रिणी खोली करून राहतात. एका रात्री अभ्यास आटोपल्यावर चौघी फोन घेऊन बसल्या. फोनमध्ये एक ॲप होते. कॅमेऱ्यापुढे तोंड धरले की कपाळावर मुंडावळ्या बांधल्या जातात, नाकात नथ येते, गळ्यात हार पडतो. मान हलवली की मुंडावळ्याही हलतात. पोरींनी खिदळत फोटो काढले आणि झोपी गेल्या. पंधरा दिवसांनी त्यातला हिचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडला. पोरीने लातुरात परस्पर लग्न लावले, अशी आवई गावभर झाली. बाप दोन दिवस जेवला नाही. आता म्हणतो, पोरीला घरी आणतो, शिक्षण बास झाले. आईने शेवटी लिहिले आहे, "साहेब, फवारणीचं सांगता तसं ह्याच्यावरबी काही औषध सांगा."

ताई, औषध आहे. पण रोग कोणता ते कळल्याशिवाय फवारा मारू नये, हे मी या पानावर अनेकदा लिहिले आहे. म्हणून आधी ही चीज काय आहे ते पाहू.

जुन्या मंडळींना माळेगावची यात्रा आठवत असेल. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर खंडोबाला गेलो होतो. घोडे, गाढवे, तमाशाचे तंबू आणि फोटोवाले. फोटोवाल्याने पडद्यावर ढग रंगवले होते आणि पुढे पुठ्ठ्याचे विमान उभे केले होते. त्यात बसून मी फोटो काढला. नातू विमानात बसून आला असे आमच्या आजीला पुढे वर्षभर वाटत होते. फोनमधल्या मुंडावळ्या म्हणजे तेच पुठ्ठ्याचे विमान. फरक इतकाच की पडदा मागे होता, हा तोंडावर चढतो. समोरच्या खऱ्या दृश्यावर फोन खोटे दृश्य बेमालूम चढवतो. याला ए.आर. म्हणतात. पोरे याला फिल्टर म्हणतात.

याच कुळातली दुसरी वस्तू म्हणजे अवतार. आपल्याकडे पोरगे चिखलात लोळून आले की आई म्हणते, हा काय अवतार! फोनमधला अवतार म्हणजे आपल्या तोंडावळ्याची बाहुली. आपला फोटो पाहून फोन ती घडवतो, मग ती हसते, हात जोडते, आपल्या जागी बोलते. व्हॉट्सॲपने हे अवतार डिसेंबर २०२२ मध्ये आणले. खेळ म्हणून त्यात वाईट काही नाही. बहुरूपी गावात फौजदाराचा वेष घालून येई तेव्हा आपण त्याला पायली-अर्धी पायली धान्य देतच होतो. पण तो बहुरूपी आहे हे गावाला ठाऊक असे, आणि तो आपले तोंड बरोबर घेऊन जात नसे.

आता हे चालते कसे ते सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. मुंडावळ्या नेमक्या कपाळावर बसाव्यात यासाठी फोनला कपाळ कुठे, नाक कुठे, हनुवटी कुठे हे मोजावे लागते. गूगलच्या एका प्रचलित पद्धतीत चेहऱ्यावर ४६८ बिंदू धरतात. मोजणीदार शेताच्या चारी हद्दी धरून नकाशा काढतो, त्यातलाच प्रकार. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. समोर एक चेहरा आहे एवढेच कळणे ही एक गोष्ट. तो चेहरा अमक्याच माणसाचा आहे हे ओळखणे ही दुसरी. मुंडावळ्या बांधायला पहिलीच पुरते. ते मोजमाप फोनमध्येच होऊन तिथेच पुसले गेले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण फोटो किंवा मोजमाप कंपनीच्या संगणकावर गेले, तिथे राहिले, नावाला जोडले गेले, तर गोष्ट वेगळी. माळेगावच्या फोटोवाल्याकडे माझी निगेटिव्ह राहिली होती. त्या निगेटिव्हमधून फार तर आणखी एक प्रत निघाली असती. आताच्या निगेटिव्हमधून माणूस चालता-बोलता करता येतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर कंधार तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले. आल्या आल्या म्हणाले, "सायेब, तुमी सांगितलेलं टॉनिक काही आलं नाही." मी म्हटले, कसले टॉनिक? त्यांनी फोन काढून दाखवला. फोनमध्ये मी बसलो होतो. माझे तोंड, माझा चष्मा, मागे मेळाव्याचा मंडप, आणि सोयाबीनला एकरी दोन बाटल्या टाका, पैसे या नंबरवर पाठवा असे मी सांगत होतो. मेळाव्यातल्या माझ्या एका भाषणाचा व्हिडिओ कोणीतरी उचलून त्यावर हे सोंग चढवले होते. त्यांचे ३,८०० रुपये गेले. मी विचारले, तुम्हाला शंका कशी आली नाही? तर म्हणाले, "तोंड तुमचंच हुतं. बोलणं मातर पुन्याकडचं वाटलं. म्या म्हणलं, सायेब टरेनिंगला जाऊन आले असतील." तक्रार केली, पैसे परत मिळाले नाहीत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण त्यानंतर माझ्या बैठकीला ते आलेले नाहीत.

सचिन तेंडुलकर यांच्या तोंडी असाच एक खोटा व्हिडिओ जानेवारी २०२४ मध्ये फिरला, एका खेळाच्या ॲपची जाहिरात करणारा. तो आपण केलेला नाही हे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. त्यांचे ऐकायला सारा देश आहे. उदगीरकडच्या मुलीचे ऐकायला निदान तिचा बाप तरी हवा.

तुम्ही म्हणाल, यावर कोणी काही केले की नाही? केले आहे. अमेरिकेत इलिनॉय नावाचे राज्य आहे. मका आणि सोयाबीन पिकवण्यात ते त्या देशात पुढे आहे, म्हणजे एका अर्थी आपल्या लातूरचे भाऊबंद. तिथे २००८ साली एक कायदा झाला. कोणाच्या बोटांचे ठसे, डोळ्यांचे किंवा चेहऱ्याचे मोजमाप घ्यायचे असेल तर आधी लेखी कळवा, कशासाठी घेता आणि किती दिवस ठेवणार ते सांगा, लेखी संमती घ्या. या कायद्याचे विशेष हे की साध्या माणसाला स्वतः कंपनीवर दावा लावता येतो. लोकांनी तो लावला. फोटोतले चेहरे न विचारता ओळखल्याबद्दलच्या दाव्यात फेसबुकने ६५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्याला २०२१ साली कोर्टाने मंजुरी दिली. चेहऱ्यावर सोंगे चढवणाऱ्या स्नॅपचॅटने २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर कबूल केले. आणि मे २०२२ मध्ये फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने इलिनॉय आणि टेक्सास या दोन राज्यांत ही सोंगे आणि अवतार काही काळ बंदच करून टाकले. आम्ही करतो ते चेहरा ओळखणे नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते. ते असेल खरे. पण कायदा होता म्हणून थांबावे लागले. टेक्सासशी तर या कंपनीने पुढे जुलै २०२४ मध्ये १४० कोटी डॉलरची तडजोड केली.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमे लागू होण्यास त्यानंतर दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार कामाच्या वाटतात. एक, संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असले पाहिजे. दुसरी, अठरा वर्षांखालील मुलामुलींची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती लागेल, आणि ती खरोखर आईबापाचीच आहे याची खात्री कंपनीने करायची. आपल्या घरात मात्र उलट चालते. आईबापाच्या फोनवर संमती पोरेच देतात.

आता हाताने करावयाची कामे. घरातल्या कोणा जाणत्याला शेजारी घेऊन बसा, पण बटण स्वतः दाबा.

ॲप प्रथम उघडले की ते कॅमेरा मागते. अँड्रॉइड फोन तेव्हा तीन पर्याय दाखवतो: ॲप वापरत असताना, फक्त या वेळी, आणि अनुमती देऊ नका. आपण घाईत पहिलाच दाबतो. सोंगाच्या खेळासाठी नेहमी दुसरा दाबा, फक्त या वेळी. पाहुण्याला ओसरीवर बसवावे तसे. खेळ संपला, ॲप बंद केले की परवानगी आपोआप संपते. तेच ॲप संपर्क यादी मागू लागले, लोकेशन मागू लागले, तर स्वतःला विचारा, मुंडावळ्या बांधायला माझ्या सोयऱ्यांचे नंबर कशाला हवेत? तिथे अनुमती देऊ नका. सगळे फोटो पाहू द्या असे विचारले तर नव्या फोनमध्ये निवडक फोटो देण्याची सोय आहे, ती वापरा.

पूर्वी दिलेल्या परवानग्याही काढून घेता येतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. सेटिंगमध्ये गोपनीयता, त्यात परवानगी व्यवस्थापक. कॅमेऱ्यावर बोट ठेवले की कोणकोणत्या ॲपला कॅमेरा दिला आहे त्याची यादी येते. मी एका बचत गटाच्या बैठकीत सर्व बायांना हे करायला लावले. एकीच्या फोनमध्ये टॉर्चच्या ॲपला संपर्क यादी दिलेली निघाली! २०२१ नंतरच्या बहुतेक फोनमध्ये कॅमेरा किंवा माईक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. आपण फोटो काढत नसताना तो दिसला तर कोणते ॲप जागे आहे ते पाहा.

ॲप काढून टाकले म्हणजे त्यांच्याकडे गेलेले फोटो पुसले जात नाहीत. अनेकांची इथेच फसगत होते. आधी ॲपमध्ये जाऊन आपले खाते डिलीट करायचे, मग ॲप काढायचे. अवतार केला असेल तर तोही आधी डिलीट करा. आणि ॲपमध्ये प्रोफाइल सर्वांसाठी खुले ठेवलेले असते ते खासगी करा. उदगीरच्या मुलीचा फोटो बाहेर गेला तो बहुधा याच वाटेने. आईच्या पत्रावरून दिसते की मैत्रिणीपैकी कोणी पाठवल्याचे कबूल करीत नाही, आणि ॲपमध्ये काढलेले फोटो अनोळखी लोकही पाहत होते. तसे असेल तर मैत्रिणींनाही उगाच दोष देऊ नये. व्हॉट्सॲपवरचा प्रोफाइल फोटो फक्त आपल्या संपर्कातल्यांनाच दिसावा, ही सोयही सेटिंगमध्ये आहे. मी माझी ती त्या टॉनिकच्या प्रकरणानंतर लावली. घोडा पळाल्यावर पागेला कडी, असे तुम्ही म्हणाल. म्हणा.

एक इशारा. हे वाचून सगळेच बंद करत सुटू नका. ई-पीक पाहणीच्या ॲपला कॅमेरा आणि लोकेशन दोन्ही लागतात, कारण पीक त्याच गटात उभे आहे हे त्यावरूनच ठरते. ते नाकारले तर नोंद होणार नाही आणि नुकसानभरपाईच्या वेळी माझ्याकडे यावे लागेल. पीएम किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी होते. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांची त्याने मोठी सोय झाली. तिथे चेहरा द्या. पण ते ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल फिरते, ती उघडू नका. आधारचे ठसे आणि चेहरा काम नसेल तेव्हा लॉक करून ठेवण्याची सोय आधारच्या अधिकृत ॲपमध्ये आहे.

घराच्या आतले एक राहिले. मध्यंतरी माझ्या भाच्याने फोनमधून अंगणात ट्रॅक्टर उभा करून दाखवला. चाके नेमकी जमिनीला टेकलेली. आमच्या थोरल्या वहिनी कडब्याच्या गंजीला धक्का लागेल म्हणून खरोखर ओरडल्या. आम्ही सगळे हसलो. नंतर माझ्या मनात आले की ट्रॅक्टर आम्हाला दिसला तसे आमचे अंगणही फोनला दिसले. ओसरी, न्हाणीची आडोशाची भिंत, कपाट, खुंटीला अडकवलेले पासबुक. नवे चष्मेही आले आहेत, काचेशेजारी कॅमेरा बसवलेले. मेटा कंपनीचे असे चष्मे मे २०२५ पासून भारतात मिळतात. चित्रण चालू असले की त्यावर बारीक दिवा लागतो. लग्नकार्यात कोणी घालून आले तर दिव्याकडे लक्ष असू द्या, आणि बायामाणसांत बसताना काढायला सांगायला संकोच करू नका.

ताई, आता तुमच्याकडे येतो.

मुलीने काहीही वाईट केलेले नाही. हे आधी तिला सांगा, तिच्या वडिलांना नंतर. ती तिकडे एकटी आहे आणि परीक्षा तोंडावर आहे. ग्रुपवर ज्याने फोटो टाकला त्याला घरातल्या वडीलधाऱ्याने बोलावून तो सर्वांसाठी डिलीट करायला लावा. पण त्याआधी त्या फोटोचा, तारखेचा आणि टाकणाऱ्याच्या नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुरावा पुसू नये. ऐकले नाही तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, बायकांच्या व मुलांच्या काही तक्रारी तिथे नाव न देताही घेतात. जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते. पैशाची फसवणूक असेल तर १९३० हा नंबर, आणि तो तासाभराच्या आत फिरवा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात गेला की हाती लागणे अवघड. संगणकाच्या किंवा फोनच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिले मुलीचे वडील. त्यांना समजावून सांगण्याच्या फंदात पडू नका. आमच्या खात्यात एक जुनी रीत आहे, प्रात्यक्षिक. बीजप्रक्रिया व्याख्यानाने कोणाला पटत नाही, एका सरीत करून आणि शेजारची सरी तशीच ठेवून दाखवली की पटते. तेव्हा रविवारी मुलीला घरी बोलवा, शिक्षण सोडवायला नव्हे, जेवायला. जेवणे झाली की तिच्याच हातून ते ॲप उघडा, कॅमेऱ्याला फक्त या वेळीची परवानगी द्या आणि फोन तिच्या वडिलांच्या तोंडापुढे धरा. मिशांवर नथ आली आणि पागोट्याखाली मुंडावळ्या लोंबू लागल्या की त्यांनी स्वतःच ठरवावे, हे लग्न कोणाशी लागले. मग हवे तर भावकीच्या चार लोकांपुढेही तसेच करा. त्यानंतर मुलीने त्यांच्या समोर खाते डिलीट करावे, ॲप काढावे. आणि सोमवारी पहिल्या गाडीने तिला लातूरला जाऊ द्यावे.

काय झाले ते मला कळवा. पत्त्यावर फक्त तुमचे नाव घाला, गाव नको, मी अक्षर ओळखेन.

पुढील अंकी हरभऱ्यावरील मर, नक्की. ज्यांच्या शेतात पाने पिवळी पडून झाडे वाळत आहेत त्यांनी तोवर एक झाड मुळासकट उपटून खोड उभे चिरून पाहावे, आत तपकिरी-काळी रेघ दिसते का ते लिहून पाठवावे.